पारख कामावरून व्हावी

महागावसारख्या तालुक्याच्या गावातील मुलगी परिचारिका होते, तेव्हा घराला आधार व समाजाला सेवा असा दुहेरी लाभ होतो. तिला द्विध्रुवीय मनोविकार जडला, कधी उन्माद तर कधी खोल विषाद, तर या लाभावर पाणी सोडावे काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे.

रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. विकार उसळला असता तिने कामावर नसावे, हेच उचित. परंतु १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा गुण दाखवून दिला, तेव्हापासून उपचाराची वाट खुली झाली आहे. नियमित औषध, रक्ततपासणी आणि पुरेशी झोप यांच्या बळावर अनेकजण आपले काम चोख बजावतात. झोप मोडल्यास मात्र उन्माद बळावू शकतो. म्हणून सतत बदलणारी रात्रपाळी हा मोठा अडसर होय, आणि तो दूर करणे रुग्णालयांच्या हाती आहे.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मानसिक आजारालाही लागू असून शासकीय आस्थापनांवर वाजवी सोयीचे बंधन घालतो. २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हाच विकार असलेल्या उमेदवारास न्यायिक सेवेचे दार उघडले. ज्याच्या हाती न्यायदान सोपवता येते, त्याला शुश्रूषा का नाकारावी? सोयीची पाळी, उपचारासाठी रजा आणि गुप्तता एवढे तरी द्यावे. नोकरी जाण्याच्या भीतीने आजार लपविला जातो, उपचार टळतो. खरा धोका तेथे आहे. परिचारिकेची पारख रोगाच्या नावावरून नव्हे, कामावरून व्हावी.