सिलिंडर डिकीत, मग स्टेपनी कुठे?

गणपती तोंडावर आलेत. बोरिवली, दहिसर, अंधेरी, मुलुंड, घाटकोपर, सगळीकडे गावी जाणाऱ्या गाड्या गॅरेजला लागल्यात. ब्रेक बघून झाले, वायपर बदलून झाले, कूलंट भरलं. आता एक प्रश्न. तुमच्या गाडीची स्टेपनी नक्की कुठे आहे? आणि डिकी सामानाने गच्च भरलेली असताना ती बाहेर काढायला किती वेळ लागेल?

प्रश्न फालतू वाटेल. पण आपल्या उपनगरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ जसं पार्किंगमध्ये असतं, तसं आपल्या गाड्यांच्या निम्म्या अडचणींचं मूळ डिकीत आहे. पेट्रोल परवडत नाही म्हणून आपण सीएनजी घेतो. साठ लिटरचा सिलिंडर मागच्या सीटला टेकून आडवा बसतो आणि डिकी संपते. कंपनीतूनच सीएनजी आलेल्या अनेक छोट्या गाड्यांत स्टेपनी सिलिंडरच्या बाजूला उभी करून बोल्टने आवळलेली असते. बाहेरून किट बसवलेल्या गाड्यांची कथा त्याहून वाईट. तिथे स्टेपनी आपल्या जुन्याच खड्ड्यात, डिकीच्या तळाशी राहते आणि सिलिंडरची लोखंडी चौकट तिच्या डोक्यावरून जाते. काही गाड्यांत ती निघते, काहींत तिरकी करून, हात सोलून घेऊन निघते आणि काहींत निघतच नाही.

मग लोक काय करतात? सोपं आहे. स्टेपनी घरी ठेवतात. गॅलरीत, जिन्याखाली, सोसायटीच्या मीटर रूममध्ये धूळ खात पडलेल्या स्टेपन्या बातमीच्या निमित्ताने फिरताना मी कितीतरी पाहिल्यात. एका स्टेपनीत तर तुळस लावली होती. तुळशीला माझा नमस्कार, पण पंक्चर पेण-नागोठण्याला होतं, मीटर रूममध्ये नाही.

टॅक्सीवाल्यांचं गणित वेगळं आहे आणि त्यांना मी दोष देणार नाही. अंधेरीला विमानतळावर उतरलेल्या माणसाकडे दोन मोठ्या बॅगा असतात. सिलिंडरच्या पुढे एकच बसते. दुसरी पुढच्या सीटवर ठेवायची, म्हणजे एक माणूस कमी. प्रवासी गाडी बघतो, तोंड वाकडं करतो आणि भाडं रद्द. स्टेपनी घरी ठेवली की दुसरी बॅग बसते. दिवसाला एखादं भाडं वाचत असेल तर ड्रायव्हर स्टेपनी घरी ठेवणारच. जुन्या काळी-पिवळी पद्मिनीने हा प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर टॅक्स्या सीएनजीवर गेल्या, डिकी सिलिंडरने खाल्ली आणि सामान टपावरच्या कॅरिअरवर गेलं. शेवटची नोंद झालेली पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये वीस वर्षं भरून निवृत्त झाली. नवीन गाड्यांच्या टपावर बहुतेकदा कॅरिअर नाही, आणि डिकी आधीपेक्षा लहान.

ती लहान का, त्यालाही कारण आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली. तेव्हापासून कंपन्या गाडी चार मीटरच्या आत कोंबतात. माणसांची जागा कमी करता येत नाही, इंजिनाची येत नाही, मग कात्री लागते डिकीला. त्याच डिकीत नंतर सिलिंडर येतो. म्हणजे स्टेपनीची जागा कराने ठरवली, गॅसने ठरवली. रस्त्यावर चाक बदलणाऱ्या माणसाला कुणी विचारलंच नाही.

आता तर ती नसली तरी चालेल असं सरकारच म्हणतं. जुलै २०२० मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला. चालकासह नऊपर्यंत माणसांच्या, साडेतीन टनांच्या आतल्या गाडीत टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर स्टेपनी सक्तीची नाही. कारण दिलं जागेचं, इलेक्ट्रिक गाडीत मोठी बॅटरी बसावी म्हणून. हे लक्षात घ्या की ही सूट त्या दोन्ही गोष्टी असलेल्या गाडीला आहे. दहा वर्षं जुनी गाडी, बाहेरून बसवलेलं सीएनजी किट आणि मीटर रूममधली स्टेपनी, हा प्रकार त्या सवलतीत बसत नाही.

आणि बसला असता तरी मला ती सवलत आपल्या रस्त्यांसाठी पटत नाही. किट म्हणजे एक बाटली चिकट द्रव आणि एक छोटा हवेचा पंप. खिळा घुसला, टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला बारीक भोक पडलं, तर ते काम करतं. पण आपल्याकडे टायर खिळ्यानेच जातो असं थोडंच आहे? पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, चाक त्याच्या धारेवर आपटतं आणि टायरची बाजू फाटते. बाजू फाटली की बाटलीतला द्रव रस्त्यावर सांडण्यापलीकडे काही करत नाही. रिमला पोचा आला तर तोही प्रश्न किटच्या आवाक्याबाहेरचा. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं. त्या रस्त्यावरून दरवर्षी गणपतीला जाणाऱ्या माणसाला बाटली देऊन पाठवणं म्हणजे पावसाळ्यात कागदाची छत्री देण्यासारखं आहे.

बरं, मग ठेवायची कुठे? जागा चारच. डिकीत, टपावर, मागच्या दारावर किंवा गाडीच्या पोटाखाली.

टपावर ठेवलेली स्टेपनी गावाकडच्या वडाप जीपवर शोभते. छोट्या गाडीला वरचं वजन वळणावर नकोसं होतं आणि पंधरा किलोच्या आसपासचं चाक भर पावसात डोक्यावरून उतरवायला गाडीत तरणाताठा माणूस लागतो. मागच्या दारावरची, म्हणजे बोलेरो किंवा थारसारखी, काढायला सगळ्यात सोपी. पण आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांत वीतभर अंतर असताना ते जड दार उघडून दाखवा.

परदेशात गाडीमागे छोटी कॅरव्हॅन ओढणारे लोक या एका गोष्टीवर तासन् तास वाद घालतात. स्टेपनी कॅरव्हॅनच्या पुढच्या दांड्यावर बांधली तर गाडीच्या हुकवर भार वाढतो. मागच्या बंपरला टांगली तर पुढचा भार कमी होतो आणि वेगात कॅरव्हॅन शेपटीसारखी हलायला लागते. म्हणून बरेच जण ती मधोमध, आसाजवळ, सांगाड्याखाली बसवतात. आपल्या राज्यानेही २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा हा वाद कधीतरी आपल्याकडेही येईल. सांगायचं एवढंच की तिथे चाकाची जागा हा सुरक्षेचा प्रश्न मानतात. आपल्याकडे ती उरलेल्या जागेत ढकलायची वस्तू आहे.

माझं मत पोटाखालच्या जागेला. अर्टिगा, इनोव्हासारख्या गाड्यांत स्टेपनी खाली टांगलेली असते. टाटाने २०२३ मध्ये अल्ट्रोझमध्ये एका मोठ्या सिलिंडरऐवजी दोन लहान सिलिंडर डिकीच्या तळाखाली बसवले आणि स्टेपनी गाडीखाली नेली. म्हणजे छोट्या सीएनजी गाडीतही हे जमतं, इच्छा हवी. सामानाला हात न लावता चाक निघतं, हा खरा फायदा. रात्री दोन वाजता कशेडीच्या अलीकडे, पाऊस लागलेला, गाडीत म्हातारे आई-वडील आणि झोपलेलं पोर. अशा वेळी मखराचं सामान, पिठाचे डबे आणि सहा बॅगा रस्त्याच्या कडेला मांडायच्या, की सरळ चाक काढायचं? मागून ट्रक येत असताना रस्त्यावर घालवलेलं प्रत्येक मिनिट धोक्याचं असतं.

खोट आहेच. पहिली, चोरी. आपल्या निम्म्या गाड्या सोसायटीबाहेर रस्त्यावर उभ्या असतात आणि खाली लटकलेली स्टेपनी चोराला सोयीची. तिला कुलूप लावता येतं, लावून घ्या. दुसरी, चिखल आणि गंज. पावसाळ्यात उपनगरातल्या तुंबलेल्या पाण्यातून गेलेल्या गाडीचा खालचा स्क्रू जाम होतो आणि ऐन वेळी हलत नाही. वर्षातून दोनदा स्टेपनी खाली सोडून ग्रीस लावायला गॅरेजवाल्याला सांगा. तो हसेल, हसू दे. आणि पंपावर चार टायरची हवा बघता तेव्हा पाचव्याचीही बघा. सिलिंडरमागे अडकलेली स्टेपनी वर्षानुवर्षं हवा न भरता पडून असते आणि गरजेला निघते तेव्हा तीच बसलेली असते.

(स्टेपनी हा शब्द आपल्या मेकॅनिकांनी बनवलेला नाही, बरं का. वेल्समधल्या लानेथ्ली गावात स्टेपनी स्ट्रीटवर १९०४ च्या सुमारास दोन डेव्हिस बंधूंनी जादा चाकाचा धंदा सुरू केला. गल्लीचं नाव चाकाला चिकटलं, ते ब्राझीलमध्येही ‘एस्तेपे’ होऊन बसलंय.)

आता आरटीओबद्दल. बाहेरून सीएनजी किट बसवलं की गाडीच्या नोंदणीत तसा शेरा घ्यावा लागतो. म्हणजे गाडी अंधेरी, वडाळा किंवा बोरिवलीच्या आरटीओसमोर येतेच. तिथे सिलिंडरची पाटी आणि कागद बघितले जातात. त्याच वेळी एक रकाना वाढवा: स्टेपनी गाडीत आहे का, आणि सिलिंडर न हलवता ती निघते का. निघत नसेल तर किट बसवणाऱ्याने चौकट बदलून द्यावी, तोवर शेरा नाही. टॅक्सीच्या फिटनेसलाही हेच, जॅक आणि पाना यांच्यासकट. याला नवा कायदा लागत नाही, निधी लागत नाही. डिकी उघडून बघणारा एक माणूस लागतो, आणि तो तिथे पगारावर आहेच.

गाडी नवीन घेणाऱ्यांनी शोरूममध्ये सनरूफ बघून झालं की विक्रेत्याला डिकीत चार बॅगा ठेवायला सांगा आणि म्हणा, आता स्टेपनी काढून दाखवा. घड्याळ लावा.