"मुलानं दिलंय"

नागपूरच्या एका वसतिगृहात मुलींसाठी संगणक खोली करायची म्हणून आम्ही मैत्रिणींनी वर्गणी काढली. राऊटर, आठ पोर्टचा स्विच, केबलची वेटोळी आणि वीज गेल्यावर राऊटर चालू ठेवणारा छोटा यूपीएस, सगळं लेकानं माझ्या हातातल्या बॅगेत भरून दिलं. विमानतळावर तपासणीत नेमकी माझीच बॅग बाजूला! "मॅडम, यात काय आहे?" मी म्हटलं, "मुलानं दिलंय." बोलले आणि माझं मलाच कसंसं झालं. अहो, लोणच्यात मोहरी किती ते आपण झोपेतही सांगू. पण घरातल्या राऊटरला आपण म्हणतो 'ते दिवेवालं'!

खरं तर राऊटर-स्विचला बंदी नाही, ट्रेमध्ये वेगळे ठेवले की झालं. प्रश्न असतो लिथियम बॅटरीचा. ती पेटलीच तर केबिनमध्ये लगेच दिसते, विझवता येते. म्हणून असा यूपीएस चेक-इनच्या बॅगेत टाकायचा नाही, जवळच ठेवायचा. मर्यादा १०० वॉट-अवर. आमचा ८,००० एमएएचचा; गुणिले ३.७ व्होल्ट, भागिले हजार, म्हणजे तीससुद्धा नाही. हे गणित मी नंतर लेकाकडून शिकून घेतलं. पुढच्या खेपेला बॅग मी भरणार, त्यानं फक्त ती रिक्षात ठेवायची.