खेळाचा तास परत द्या

दहावीचं वर्ष लागलं की घरोघरी पहिलं फर्मान निघतं: खेळ बंद! आमच्या सोसायटीतल्या एका मुलीचं खो-खो असंच मे महिन्यात सुटलं. पूर्वी संध्याकाळी मैदानावर हुलकावण्या देत पळणारी ही पोर आता त्याच वेळी क्लासला जाते. परवा जिन्यात भेटली. म्हणाली, "काकू, वाचताना सगळं कळतं हो, पण दोन दिवसांनी काही आठवतच नाही." आई तिला भिजवलेले बदाम देते, पहाटे उठवते, मोबाइल काढून घेते. फक्त खो-खो तेवढं परत देत नाही.

त्या माउलीला लेकीचं भलंच हवंय. पण खेळून दमलेल्या मुलांचा अभ्यास होत नाही, हे आपण सगळ्यांनीच न तपासता गृहीत धरलं आहे.

नेदरलँड्समधल्या संशोधकांचा एक प्रयोग २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ७२ जणांना ९० चित्रं आणि प्रत्येक चित्राची पडद्यावरची जागा लक्षात ठेवायला सांगितली. मग त्यांचे तीन गट केले. एका गटाने लगेच ३५ मिनिटं व्यायामाची सायकल चालवली, दुसऱ्याने चार तासांनी, तिसऱ्याने चालवलीच नाही. दोन दिवसांनी परीक्षा घेतली, तेव्हा चार तासांनी घाम गाळणाऱ्यांच्या सर्वांत जास्त लक्षात राहिलं होतं. लगेच सायकल चालवणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही.

वाचलेलं त्या क्षणी पक्कं होत नसतं. पुढचे काही तास ते मेंदूत मुरत राहतं. जोरकस व्यायामात डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन अशी द्रव्यं स्रवतात आणि त्यांचा या मुरण्याला हातभार लागत असावा, असं संशोधकांचं म्हणणं आहे. प्रयोग लहान होता, तेव्हा घड्याळ लावून चार तास मोजायला नकोत. पण दुपारचा अभ्यास आणि संध्याकाळचं मैदान यांचं वैर नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

अमेरिकेत २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर ५५ ते ८० वयाच्या १२० जणांवरचा आहे. त्यातले निम्मे जण वर्षभर आठवड्यातून तीनदा भरभर चालले. उरलेल्यांनी फक्त ताण देण्याचे हलके व्यायाम केले. आठवणी साठवण्यात मोठा वाटा असलेला मेंदूचा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पस. या वयात तो आक्रसत जातो. चालणाऱ्यांमध्ये मात्र तो सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. साठीतला मेंदू चालण्याला अशी दाद देतो, तर पंधराव्या वर्षी मुलांना दिवसभर खुर्चीत का जखडायचं?

शाळांचंही तेच. गणिताचा पोर्शन राहिला की पहिली कुऱ्हाड पडते ती पीटीच्या तासावर. ५ ते १७ वयाच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्याचे जेमतेम दोन तास, तेही काढून घेतले, तर तो हिशोब जमायचा कसा?

यात मुलींचं नुकसान मला जास्त बोचतं. मुलगा दहावीनंतर पुन्हा बॅट घेऊन बाहेर पडतो. मुलीचे खेळाचे बूट एकदा माळ्यावर गेले की बहुधा तिथेच राहतात. परीक्षेसाठी म्हणून सोडलेला खेळ तिच्याकडून जन्माचा सुटतो.

म्हणून पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. पुढच्या पालकसभेत गुणांबरोबर एवढंही विचारा: या आठवड्यात पीटीचा तास मैदानावर झाला का? आणि घरी संध्याकाळचा एक तास मुलांना मोकळा सोडा. तो तास अभ्यासातून वजा करू नका, अभ्यासातच धरा.