शेजाऱ्याचा रूळ

आफ्रिकी माणसाला एकत्र नांदताच येत नाही, असे आपल्यातील सुशिक्षितही बिनदिक्कत बोलतात. ही वर्णद्वेष्ट्यांकडून घेतलेली उसनी भाषा आहे! १९८० साली लुसाका येथे आफ्रिकेच्या दक्षिण भागातील नऊ देश एकवटले. गोऱ्या राजवटीच्या बंदरांवरील व रेल्वेवरील परावलंबन तोडणे, हा त्यांचा निर्धार होता. त्या राजवटीच्या पाठबळावर बंडखोरांनी मोझांबिकमधील बैरा रेल्वेमार्गावर घाव घातले, तेव्हा झिम्बाब्वेच्या सैनिकांनी त्याचे रक्षण केले. कारण समुद्राची वाट खुली राहिली तरच स्वातंत्र्याला अर्थ होता. पुढे वर्णभेद कोसळला आणि १९९४ साली लोकशाही दक्षिण आफ्रिका त्याच संघटनेत सन्मानाने सामील झाली. शेजाऱ्याचा रूळ आपला मानून राखणाऱ्यांना एकजुटीचे धडे देण्यापूर्वी आपण आपल्या संघटनांतील फुटीकडे पाहावे!