मापात पाप, तेही कायदेशीर

ब्रिटनमध्ये नळाची बिअर विकायची तर ती ठरावीक मापांतच विकावी लागते: पाइंटाचा तिसरा हिस्सा, अर्धा पाइंट, २०११ पासून दोन तृतीयांश, किंवा अर्ध्याच्या पटीत. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. पेल्यावर अधिकृत खूण हवी, माप तपासलेले हवे. आपल्या वैधमापन खात्याच्या निरीक्षकालाही हेवा वाटावा असा हा कायदा आहे. मात्र त्या प्रमाणित पेल्यात प्रत्यक्ष बिअर किती असावी, याचे उत्तर शोधू गेल्यास ते कायद्यात नव्हे, तर बिअर व पब व्यावसायिकांच्याच संघटनेने लिहिलेल्या मार्गदर्शिकेत सापडते. फेस बसल्यावर किमान ९५ टक्के द्रव असावा, असे ती सांगते. ज्याने माप द्यायचे त्यानेच मापाची व्याख्या करायची, अशी ही व्यवस्था आहे.

मद्याला व बिअरला राज्यभर एकच माप असावे, हे मॅग्ना कार्टाने १२१५ सालीच सांगून ठेवले होते. १९८५ च्या वजनमापे कायद्यात बिअर मोजताना फेस धरू नये अशा अर्थाचे कलमही घातले गेले. पण ते कधीच अंमलात आणले गेले नाही. संसदेने संमत केलेले कलम सरकारने अधिसूचनेच्या प्रतीक्षेत कुजत ठेवायचे, ही युक्ती केवळ दिल्लीची मक्तेदारी नाही, एवढेच समाधान. त्याआधी १९८२ साली बेनेट विरुद्ध मार्कहॅम खटल्यात न्यायालयाने वाजवी फेस हा पाइंटाचाच भाग मानला होता. डेनिस टर्नर या मजूर पक्षाच्या खासदाराने १९९७-९८ च्या अधिवेशनात खासगी विधेयक आणले, तेही तडीस गेले नाही. १९७१ मध्ये स्थापन झालेली ‘कॅम्रा’ ही ग्राहकसंघटना वर्षानुवर्षे पूर्ण पाइंट मागत राहिली.

पाच टक्क्यांचे एवढे काय, असे विचारणाऱ्यांनी जरा हिशेब करावा. ९ गॅलनच्या पिंपात ७२ पाइंट मावतात. प्रत्येक पेला ९५ टक्केच भरला, तर त्याच पिंपातून जवळजवळ ७६ पाइंट विकले जातात. आपल्याकडे पेट्रोल पंपावर ५ लिटरच्या मापात २५ मिलिलिटरहून अधिक तफावत चालत नाही, म्हणजे अर्धा टक्का. बिअरची सूट त्याच्या दहापट!

व्यावसायिक म्हणतात, पिंपाच्या तळाशी गाळ असतो, नळ्या धुताना माल वाया जातो. खरे आहे. पण न पिण्याजोगा गाळ अबकारी करातून वगळण्याची सोय ब्रिटिश करव्यवस्थेत आहे. कर घेताना सरकारला पिण्याजोगे आणि न पिण्याजोगे यांतील भेद अचूक कळतो. ग्राहकाच्या पेल्यात मात्र तो दिसेनासा होतो.

दुसरा युक्तिवाद असा की ग्राहकाने मागितल्यास पेला भरून देतातच. आपल्याकडे गवळी उंचावरून धार सोडून फेसासकट माप भरायचा, तेव्हा घरची बाई फेस बसेपर्यंत थांबून ‘अजून घाल’ म्हणायची. ती म्हणू शकत असे, कारण तोच गवळी उद्या त्याच दारात येणार होता. शुक्रवारी रात्री पबच्या गल्ल्यापाशी तीन रांगा असताना, पहिल्यांदाच आलेल्या परक्याने दोन घोटांसाठी हुज्जत घालावी काय? लंडन-लेस्टरच्या मराठी वाचकांनी स्वतःच्या मनाला विचारून पाहावे. हक्क बजावण्याचा त्रास हक्काच्या किमतीहून मोठा असेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. म्हणूनच तर निरीक्षक नेमायचे असतात.

पूर्ण माप दिले तर भाव वाढतील, ही तिसरी धमकी. वाढू देत! अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात भिण्यासारखे काहीच दिसत नाही. भाव पाटीवर लिहिलेला असतो, दोन पबांतील भावांची तुलना करता येते. फेसाची तुलना कोण करणार? आज काठोकाठ भरून देणारा मालक पाटीवर महागडा दिसतो आणि हात आखडणारा स्वस्त. ही स्पर्धा प्रामाणिक माणसाला शिक्षा करणारी आहे.

आणि फेस कोणालाच नको असेही नाही. उत्तर इंग्लंडमध्ये दाट साय आल्यासारखा फेस आवडतो, दक्षिणेत तो फारसा रुचत नाही. दोघांची सोय एकाच उपायाने होते: पेला थोडा मोठा घ्यावा, त्यावर पाइंटाची रेघ असावी, बिअर रेघेपर्यंत आणि फेस त्यावर. जर्मनीत हीच पद्धत आहे. तरीही हात आखडता घेतला जातोच, म्हणून म्युनिकमध्ये कमी ओतणाऱ्यांविरुद्ध नागरिकांचे चक्क एक मंडळ कार्यरत आहे. तिथे निदान रेघेकडे बोट दाखवता येते. नव्या पेल्यांच्या खर्चाची ओरड होईल, पण पबमधले पेले असेही सतत फुटतात आणि बदलले जातात. पाच वर्षांची मुदत द्यावी, आणि त्यानंतर रेघेखाली ओतलेला पाइंट हा अपुऱ्या मापाचा गुन्हा मानावा.