मोची खा, पण मोदकाचे पैसे द्या

मंडळी, आज वीकेंड स्पेशल भांडण. आधीच सांगतो, मला जपानी गोड पदार्थ मनापासून आवडतात. मोची आवडते, दोरायाकी आवडतं, माचाचं ते कडसर आइस्क्रीमसुद्धा चालतं. तेव्हा 'परदेशी म्हणजे वाईट' छापाचं हे लिखाण नाही. भांडण आपलं आपल्याशीच आहे. म्हणजे अंधेरी-बोरिवली आणि घाटकोपर-मुलुंड पट्ट्यात राहणाऱ्या, दर महिन्याला पगाराचा एसेमेस येणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसांशी.

मुद्दा साधा आहे. मॉलमधल्या मोचीची छापील किंमत आपण मुकाट मोजतो. आणि उकडीचे मोदक करून देणाऱ्या काकूंना विचारतो, "एकवीस घेतले तर कमी करणार ना?"

आता जरा मोचीचं डिबगिंग करू. चिकट जातीचा तांदूळ वाफवून, कुटून केलेला गोळा म्हणजे मोची. त्यात अझुकी नावाचं लाल कडधान्य साखरेत शिजवून भरलं की झाला दाइफुकू. ते सारण म्हणजे आन्को. कडधान्य आणि गोड? पुरणपोळीवर वाढलेल्या माणसाला त्यात काय नवल! पुढे ऐका. ५ मे ला मुलांच्या सणाला तिकडे काशिवा-मोची करतात. ती आपल्यासारख्या बिनचिकट तांदळाच्या पिठाची. पीठ गरम पाण्यात भिजवायचं, वाफवायचं, मळायचं, सारण भरायचं आणि ओकच्या पानात गुंडाळायचं. खाताना पान काढून टाकायचं. नागपंचमीच्या, हळदीच्या पानातल्या पातोळ्या आठवल्या की नाही?

आणि आपण 'ऑथेंटिक जपानी' म्हणून खातो ते मोची आइस्क्रीम? जपानमध्ये लोत्ते कंपनीने १९८१ साली 'युकिमी दाइफुकू' काढलं हे खरं. पण ते रंगीबेरंगी गोळे १९९० च्या दशकात अमेरिकेत लोकप्रिय केले ते लॉस एंजेलिसच्या 'मिकावाया' या कंपनीने, फ्रान्सेस हाशिमोतो नावाच्या बाईंनी. म्हणजे फार पुरातन परंपरा वगैरे नाही. तरी आपण किंमत मोजतो, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

आता काही जण बाह्या सरसावतील. "बघा! मोची म्हणजे आपलाच मोदक, त्यांनी ढापला!" अहो थांबा. भात पिकवणारा माणूस आज ना उद्या तांदळाचं पीठ वाफवणारच, त्यासाठी चोरी कशाला करावी लागते? खरा धागा वेगळाच आहे. आपला गणपती बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे जपानला पोचला आणि तिथे 'कांगितेन' झाला. त्याच्या नैवेद्याला 'कांगिदान' लागतं. आकार पैशाच्या बटव्यासारखा, वर चुण्या, आत सात सुगंधी द्रव्यं घातलेलं आन्को, आणि तिळाच्या तेलात तळलेलं. तळणीच्या मोदकाचा चुलतभाऊच! क्योतोमधलं 'कामेया कियोनागा' हे दुकान ते आजही करतं. दुकानाची स्थापना १६१७ ची, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या जन्माच्याही आधीची.

हे वाचून छाती फुगवणं आणि फॉरवर्ड करणं फुकट आहे. त्यापेक्षा विचारा, ते दुकान चारशे वर्षं टिकलं कसं? मला विचाराल तर, गिऱ्हाईक पिढ्यानपिढ्या पैसे देत राहिलं म्हणून. क्योतोतच 'देमाची फुताबा' हे १८९९ चं दुकान आहे. त्याच दिवशी खाऊन संपवायच्या मामे-मोचीसाठी लोक तिथे रांग लावतात. २०२२ मध्ये तर जपान सरकारने नेरिकिरी आणि कोनाशी ही हाताने घडवायची मिठाई सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवली.

आणि आपल्याकडे? करणारीचं नावसुद्धा माहीत नसतं. 'त्या बी विंगमधल्या काकू' एवढीच ओळख. त्या काय काय करतात बघा. तांदूळ धुवून, सावलीत वाळवून दळून आणायचा. नारळ खवायचे, गूळ चिरायचा. उकड हाताला चटके बसत असतानाच मळायची, कारण गार झाली की पारी फुटते. मग एकेक कळी. आमच्या घरी एकवीस मोदकांना दोन माणसं आणि दोन तास सहज लागतात. म्हणजे झाले चार मॅन-अवर्स (वुमन-अवर्स म्हणा हवं तर). आपण क्लायंटला एका बटणाचा रंग बदलल्याचे तास लावतो हो!

"पण घरी आई करायचीच की, त्याचे कुठे पैसे पडायचे?" नेमकं इथेच पाणी मुरतंय. आईची मेहनत कधी हिशेबात धरलीच नाही, म्हणून आज काकूंचीही आपल्याला शून्य वाटते. नारळ-गुळाचा खर्च आपल्याला कळतो, हाताचा कळत नाही.

"दर वाढले तर गरिबाने काय करायचं?" हाही प्रश्न येईल. ज्याला खरंच परवडत नाही त्याच्याबद्दल मी बोलतच नाहीये. मी बोलतोय ते मॉलमध्ये बिल न बघता कार्ड पुढे करणाऱ्याबद्दल. त्याने दहा-दहा रुपयांवरून घासाघीस केली, तर काकूंच्या घरातलं पुढचं कुणी हे काम शिकणार नाही. का शिकावं? साच्यातल्या मोदकाला माझा विरोध नाही, घाईत तोही बरा. पण साच्याचा दर हातवळणीच्या मोदकाला लावू नका.

येत्या गणपतीत एवढंच करा. ऑर्डर आठवडाभर आधी द्या, पैसे आगाऊ द्या, सांगतील तो दर द्या. काकूंचं नाव विचारा आणि मोदक आवडले तर ते नाव सोसायटीच्या ग्रुपवर टाका.

असो. मोची जरूर खा. फक्त फ्रीझरमधून काढल्यावर पाच मिनिटं थांबा, नाहीतर दाताला झिणझिण्या येतात :-)