गुऱ्हाळ नीट उमटलं पाहिजे

लिनक्सवर प्रोग्रामिंगसाठी काय घेऊ, असं कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: व्हीएस कोड टाक. डेस्कटॉप कोणता, मेमरी किती, लिहिणार काय, हे एकही जण विचारत नाही. चपलेच्या दुकानातसुद्धा आधी माप विचारतात. मला या उत्तराचा राग येतो, आणि त्याला कारण आहे.

पुण्याहून सोलापूर रस्त्याने यवत मागे टाकलं की भांडगाव. दौंड तालुक्याचा हा पट्टा उसाचा, म्हणून गुऱ्हाळांचाही. माझ्याकडे संध्याकाळी काही मुलं प्रोग्रामिंग शिकायला येतात. संगणक कुणाच्या तरी ऑफिसातून निघालेले, ४ जीबी मेमरीचे. त्यांवर डेबियन आणि एक्सएफसीई डेस्कटॉप. त्यातल्या एकाने मामाच्या गुऱ्हाळासाठी वजनाच्या पावत्यांचा प्रोग्राम लिहिला. इंटरनेटवरच्या धड्यात होतं म्हणून पायथनसोबत टीकेइंटर घेतलं. चालवून पाहिला तर खिडकीत 'गुऱ्हाळ'मधला ऱ्ह फुटलेला: आधी ऱ, त्याखाली लोंबणारा पायमोड, मग ह. 'किलो'तली वेलांटी क सोडून ल-च्या डोक्यावर. पोरगा शांतपणे म्हणाला, "सर, मराठीत प्रोग्राम होत नसतो. इंग्लिशमध्येच करतो."

माझं भांडण या वाक्याशी आहे. कारण त्याच पडद्यावर, त्याच क्षणी, फाइलींच्या यादीत 'गुऱ्हाळ' नावाचा फोल्डर झकास दिसत होता. एक्सएफसीई उभा आहे जीटीकेवर. जीटीके मजकूर पँगोकडे देतं, पँगो हार्फबझकडे, आणि तिथे जोडाक्षरं जुळतात, वेलांट्या जागेवर बसतात. क्यूटीही हार्फबझच वापरतं. लिनक्सवरचं टीके ८.६ मात्र अक्षरं सुटी सुटी मांडून मोकळं होतं. म्हणजे दोष मराठीचा नव्हता, पोराचा नव्हता. डेस्कटॉपशी ज्याचा काही संबंध नाही असं साधन आम्ही उचललं, एवढंच. पडदे जीटीकेत पुन्हा लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. फॉन्ट होता लोहित, ज्याचं मूळ काम पुण्यातच झालं. (आणि शेजारच्या केडगावात, मुक्ती मिशनच्या छापखान्यात, बायकांनी खिळे जुळवून पंडिता रमाबाईंचं अख्खं मराठी बायबल छापलं, त्याला शंभर वर्षं झाली. आम्ही एका पावतीला घाबरायचं?)

आता व्हीएस कोड. खोटं बोलणार नाही, त्यात देवनागरी व्यवस्थित दिसतं. पण ते दिसावं म्हणून ते क्रोमियम नावाचा आख्खा ब्राउझर पाठीवर घेऊन येतं. ४ जीबीच्या यंत्रावर शेजारी फायरफॉक्स उघडा ठेवा आणि डिस्क कशी किरकिरते ते ऐका. मूळ कोड मुक्त असला तरी मायक्रोसॉफ्ट जो तयार डबा हातात देतं त्याचा परवाना वेगळा आहे, आणि वापराची माहिती पाठवणं त्यात आपण बंद करेपर्यंत चालूच असतं. लिनक्स कशासाठी घेतलं होतं, हे इथे आठवून पाहावं.

"पण नोकरीत तेच लागतं!" हे वाक्य मी आधीही ऐकलंय. सी++ची प्रमाण आवृत्ती १९९८ साली आली, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या कॉलेजांतली पोरं डॉसबॉक्समध्ये निळ्या पडद्याचं टर्बो सी++ उघडून 'क्लिअरस्क्रीन' घोकत राहिली. तेव्हाही सगळे तेच वापरत होते. शिवाय व्हीएस कोडची जी खरी हुशारी, म्हणजे लिहिता लिहिता चुका दाखवणं, सुचवणं, ती ज्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलवर चालते तो २०१६पासून खुला आहे. केटमध्ये तो आहे, व्हिम-ईमॅक्समध्येही बसवता येतो. (ईमॅक्सवाल्यांनी लगेच पत्रं लिहू नयेत. तुमचं ईमॅक्स हाच तुमचा डेस्कटॉप आहे, तुम्हाला हा प्रश्न नाही.)

केडीई असेल तर केट किंवा केडेव्हलप घ्या आणि पडदे क्यूटीत करा. नोम असेल तर बिल्डर. आमच्यासारख्या एक्सएफसीईवाल्यांना जीनी: चुटकीसरशी उघडतं, डेबियनच्याच भांडारातून येतं, सिस्टिमसोबत अद्ययावत होतं. सोबत डेव्हहेल्प टाका, म्हणजे नेट गेलं तरी जीटीकेची कागदपत्रं हाताशी राहतात. आमच्याकडे नेट जातं. जीनीत सुचवण्या व्हीएस कोडइतक्या चतुर नसतात, हे मान्य. एक्सएफसीईचा टर्मिनलही जोडाक्षरांची वाट लावतो, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. तिथला मजकूर आम्ही फाइलीत लिहून जीनीत उघडतो.

पावती आता छापली जाते. मामांची तक्रार एकच: वरती 'गुऱ्हाळ' मराठीत आणि खाली वजनाचे आकडे इंग्रजीत का? पोरगा कालपासून त्याच्यामागे लागलाय.